खाल्ल्यावर दोन तासांत पुन्हा भूक का लागते? इन्सुलिन, रक्तातली साखर आणि भूक ओळखण्याची पद्धत

सकाळी आठला पोटभर नाश्ता झालेला असतो. साडेदहाला पोटात कालवाकालव सुरू होते, कामात लक्ष लागत नाही, समोरच्या माणसाचं साधं वाक्यही टोचतं आणि हात आपोआप बिस्किटांच्या डब्याकडे जातो. मी कित्येक वर्षं याला माझा हावरटपणा समजत होतो. नंतर वही घेऊन दोन आठवडे नोंदी केल्या, तेव्हा कळलं की ही भूक घड्याळ लावल्यासारखी येते आणि ती कधी येणार हे नाश्त्याच्या ताटातच ठरलेलं असतं.

या लेखात ती नोंद कशी करायची, तिचा अर्थ कसा लावायचा आणि जेवणात काय बदलून पाहायचं हे क्रमाने सांगतो. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी ‘औषधं चालू असतील तर’ हा भाग वाचा आणि मग बाकीचा लेख.

आधी थोडं आतलं कामकाज

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी साखर ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर धरली, तर सगळ्या रक्तात मिळून साखर होते साडेचार ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा. फळांच्या रसाच्या एका पेल्यात पंचवीसेक ग्रॅम साखर असते. म्हणजे एका पेल्यातून रक्तातल्या एकूण साठ्याच्या पाचपट साखर आत येते, आणि तरी निरोगी माणसाचा आकडा सहसा १४०च्या पलीकडे फारसा जात नाही. हे काम इन्सुलिनचं.

इन्सुलिन स्वादुपिंडातल्या बीटा पेशी तयार करतात. साखर वाढू लागली की काही मिनिटांतच आधीपासून साठवलेल्या इन्सुलिनचा पहिला झोत सुटतो, आणि मागून नव्याने तयार होणारं इन्सुलिन सावकाश येत राहतं. खरं तर स्वादुपिंड रक्तातली साखर वाढेपर्यंतही थांबत नाही. अन्न आतड्यात पोचताच तिथून जीएलपी-१ आणि जीआयपी ही संप्रेरकं निघतात आणि स्वादुपिंडाला आगाऊ वर्दी देतात. त्यामुळे तेवढंच ग्लुकोज शिरेतून दिलं तर इन्सुलिन कमी सुटतं आणि तोंडाने घेतलं तर जास्त.

इन्सुलिन म्हणजे पेशीचं दार उघडणारी किल्ली, असं सगळीकडे सांगतात. स्नायू आणि चरबीच्या पेशींपुरतं ते बरोबर आहे. पण मेंदूला साखर घ्यायला ही किल्ली लागत नाही. शिवाय इन्सुलिनचं तितकंच मोठं काम यकृतात चालतं. जेवणांच्या मधल्या वेळेत यकृत स्वतःच्या साठ्यातून रक्तात साखर सोडत असतं. इन्सुलिन त्याला ‘आता बस’ म्हणतं, आणि त्याच वेळी चरबीच्या साठ्यातून इंधन सुटणंही थांबवतं. इन्सुलिनचा झोत गरजेपेक्षा मोठा पडला, तर वरून येणारी साखर संपलेली, यकृताचा नळ अजून बंद आणि चरबीचा साठाही कुलुपात, अशी तासा-दीड तासाची अडचण होते. साडेदहाची भूक बऱ्याचदा या फटीतून येते.

आकडा किती वर गेला यापेक्षा किती खाली आला

या विषयातला माझा सर्वात आवडता प्रयोग १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. निरोगी लोकांना सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, गर करून आणि रस काढून. तिन्हींतली पिष्टमय पदार्थांची मात्रा सारखीच होती. रस अख्ख्या फळापेक्षा अकरापट वेगाने पोटात जाऊ शकत होता, म्हणून खाण्याचा वेगही सारखा करून पाहिला. तरीही रसाने सर्वात कमी समाधान झालं आणि अख्ख्या फळाने सर्वात जास्त. साखर तिन्ही वेळी साधारण सारखीच चढली होती. रसानंतर आणि गरानंतर इन्सुलिन मात्र जास्त सुटलं. रसानंतर साखर झपकन खाली आली, गरानंतर थोडी कमी, आणि अख्खं फळ खाल्ल्यावर तशी घसरण दिसलीच नाही.

हाच धागा २०२१ साली हजाराहून जास्त लोकांवरच्या अभ्यासात पुन्हा सापडला. दंडावर सेन्सर लावून नाश्त्यानंतरची साखर पाहिली. पहिल्या दोन तासांत ती किती चढली यावरून भुकेचा अंदाज फारसा लागला नाही. दोन ते तीन तासांदरम्यान ती मूळ पातळीच्याही खाली किती उतरली, यावरून जास्त चांगला लागला. ज्यांची साखर जास्त उतरायची त्यांना पुढची भूक साधारण अर्धा तास लवकर लागायची आणि दिवसभरात त्यांच्या पोटात सुमारे ३०० कॅलरी जास्त जायच्या. नाश्ता तोच असूनही माणसागणिक फरक मोठा होता. त्यामुळे दुसऱ्याच्या ताटाची नक्कल उपयोगी पडेलच असं नाही.

आता एक इशारा, कारण इंटरनेटवर सगळा दोष इन्सुलिनच्या माथी मारायची पद्धत पडली आहे. इन्सुलिन वाढलं की भूक वाढते, असं सरसकट म्हणता येत नाही. मेंदूत पोचलेलं इन्सुलिन भूक कमी करतं. अमेरिकेत एका अभ्यासात वीस जणांना दोन आठवडे भरपूर पिष्टमय, कमी चरबीचा वनस्पतीजन्य आहार आणि दोन आठवडे अगदी कमी पिष्टमय, भरपूर चरबीचा प्राणिजन्य आहार दिला, हवं तेवढं खायची मुभा देऊन. पहिल्या आहारात साखर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त चढले, तरी लोकांनी रोज जवळपास ७०० कॅलरी कमी खाल्ल्या. त्याच्याही आधी, १९९५ साली, सिडनीत सारख्याच कॅलरीच्या ३८ पदार्थांनी पोट किती भरल्यासारखं वाटतं ते मोजलं. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले, तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले आणि लोण्याच्या क्रोसाँला ४७. साखर भराभर चढवणारा म्हणून बदनाम असलेला बटाटा पहिला आला. पोटातला आकार, पाणी, चोथा, प्रथिनं, चावायला लागणारा वेळ हे सगळं भुकेच्या हिशेबात येतं. रक्तातली साखर त्यातला एक आकडा आहे, अख्खी वही नव्हे.

पायरी पहिली: सात दिवस फक्त नोंद

या आठवड्यात खाण्यात काहीही बदलायचं नाही. मोह होतो, पण बदललंत तर तुलना कशाशी करणार? वहीत चार गोष्टी लिहा: काय आणि अंदाजे किती खाल्लं, किती वाजता, पुढची भूक कधी लागली आणि ती कशी होती. ‘कशी’ हा रकाना महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच गाळतात.

माझ्या मते भुकेच्या तीन जाती वेगळ्या काढता आल्या तरी पुरे.

पहिली पोटाची भूक. ती हळूहळू वाढते, पोट गुरगुरतं आणि समोर काहीही साधं आलं तरी चालतं. रिकाम्या पोटातून निघणारं घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ साली सापडलं. ते जेवणाच्या नेहमीच्या वेळेआधी वाढतं आणि काही वेळाने आपोआप उतरतंही. म्हणून जेवण हुकलं की भूक ‘मरते’.

दुसरी घसरणीची भूक. ती अचानक येते, खाल्ल्यावर दोन-तीन तासांत. हात हलके होतात किंवा किंचित थरथरतात, घाम फुटल्यासारखं होतं, चिडचिड होते आणि गोडच हवं वाटतं. साखर भराभर उतरली की शरीर ॲड्रेनॅलिन सोडतं, त्याची ही लक्षणं. आकडा धोक्याच्या पातळीला गेलेला नसतानाही ती येऊ शकतात. बरेच दिवस साखर चढी राहिलेल्या माणसाला तर ती अगदी सामान्य पातळीवर उतरली तरी असं होतं.

तिसरी जिभेची भूक. पोट भरलेलं असतं, पण एक ठरावीक पदार्थच हवा असतो. उकडलेलं अंडं किंवा वाटीभर साधं कडधान्य पुढे केलं तर नको वाटतं. ही ओळखायला सोपी आणि कबूल करायला अवघड.

पायरी दुसरी: मोजायचं असेल तर नीट मोजा

मधुमेह नसेल तर ग्लुकोमीटर सक्तीचा नाही, वही पुरते. पण कुतूहल असेल तर तीन वेळा मोजा: खाण्याआधी, पहिल्या घासापासून एक तासाने आणि भूक लागेल त्या क्षणी. तिसरं मोजमाप सगळ्यात बोलकं असतं.

टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. एकदा मी संत्रं सोलून, हात नुसते पुसून बोट टोचलं आणि आकडा आला २१४. दोन मिनिटं छाती धडधडली. हात धुऊन दुसऱ्या बोटाने पाहिलं तर १०६. सालीचा रस बोटावर राहिला होता आणि यंत्राने तोच मोजला. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, दुखतं कमी. थेंब काढण्यासाठी बोट जोरात पिळूही नका. आणि आकड्यांवर फार जीव टाकू नका: चांगल्या यंत्रालाही १००च्या वर पंधरा टक्के आणि १००च्या खाली पंधरा अंकांची चूक माफ असते. ९५ आणि १०४ यांत फरक आहे असं समजून वाद घालण्यात अर्थ नाही.

दंडावरचा सेन्सर रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. त्यामुळे तो रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. रात्री त्याच कुशीवर झोपलात तर दाबामुळे खोटा कमी आकडा दाखवतो.

माझ्या वहीतलं एक पान देतो:

८:१० – ब्रेडचे तीन काप, जाम, गोड कॉफी. आधी ९२.
९:१० – १५२. मस्त तरतरी.
१०:३५ – ७४. भूक दहापैकी आठ, हात हलके, एकच ओळ तीनदा वाचली.

आणि चार दिवसांनंतरचं:

८:१५ – दोन अंडी, ब्रेडचा एक काप, काकडी-टोमॅटो, वाटीभर दही, कॉफी बिनसाखरेची. आधी ९४.
९:१५ – ११८.
१०:४० – ९३. भूक तीन.
१२:५० – भूक सहा, पोट गुरगुरतंय, हात ठीक.

एका माणसाच्या दोन दिवसांवरून शास्त्र सिद्ध होत नाही. मला माझ्यापुरतं कळलं, एवढंच.

पायरी तिसरी: एक जेवण धरा, एकच गोष्ट बदला

वही चाळून घसरणीची भूक सर्वाधिक वेळा कोणत्या खाण्यानंतर आली ते शोधा. बहुतेकांच्या बाबतीत तो नाश्ता असतो किंवा दुपारचं घाईचं खाणं. फक्त तेच बदलायचं, बाकी दिवस आहे तसा. प्रत्येक बदलाला तीन-चार दिवस द्या. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

सुरुवात प्रथिनांपासून करा, कारण फरक तिथे लवकर दिसतो. एका जेवणात २० ते ३० ग्रॅम प्रथिनं हे ध्येय ठेवा. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, शिजलेल्या कडधान्याच्या वाटीत ७ ते ९, पेलाभर दुधात ८. हिशेब केला की लक्षात येतं, आपल्याला भरपेट वाटणाऱ्या पुष्कळ नाश्त्यांत दहा ग्रॅमही नसतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं परस्पर वाढवू नका, डॉक्टरांना विचारा.

मग रूप बदला. रसाऐवजी फळ, पिठाऐवजी शक्यतो अख्खा दाणा, पातळ गुळगुळीत पेयाऐवजी चावून खायची गोष्ट. सफरचंदाच्या प्रयोगात बदललं होतं ते एवढंच.

आणि मग क्रम. यात काही सोडावं लागत नाही, म्हणून मला हा बदल सर्वात सोयीचा वाटतो. ताटात जे आहे तेच, पण भाजी आणि प्रथिनं आधी, भात किंवा ब्रेड शेवटी. टाइप २ मधुमेह असलेल्या अकरा जणांवरच्या २०१५ सालच्या छोट्या अभ्यासात असा क्रम ठेवल्यावर एका तासानंतरची साखर उलट क्रमाच्या तुलनेत तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी आली. भाजीतला चोथा आणि प्रथिनं पोटातच असल्याने मागून येणारा भात जठरातून सावकाश पुढे सरकतो. सगळं कालवून खायची सवय असेल तर हे जमत नाही. तिथे पहिले पाच-सात घास नुसत्या भाजीचे घेतले तरी चालतील.

पायरी चौथी: जेवून उठलात की चाला

दहा ते पंधरा मिनिटं, बोलता येईल इतक्या वेगाने. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर ओढून घेतो, त्याची दारं आकुंचनानेही उघडतात. त्यामुळे चढ बुटका होतो, स्वादुपिंडाला मोठा झोत सोडावा लागत नाही आणि पुढची घसरणही सौम्य राहते. साखर चढत असतानाच हे करायचं, म्हणजे जेवणानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात. संध्याकाळी तासभर व्यायाम करतो म्हणून हे टाळू नका, दोन्हींची कामं वेगळी आहेत.

पायरी पाचवी: झोपेचा रकाना

वहीत आदल्या रात्रीच्या झोपेचे तास लिहा. शिकागोत २००४ साली बारा तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. भूक आवरणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं आणि ओढ लागली ती गोड, खारट, पिष्टमय पदार्थांची. अपुऱ्या झोपेनंतर इन्सुलिनचा असरही मंदावतो. जागरणानंतरचा दिवस म्हणून प्रयोगातून वगळा. त्या दिवशीच्या भुकेवरून नाश्त्याला दोष देणं अन्यायाचं होईल.

भूक लागलीच, तर

घसरणीची भूक आल्यावर गोड खाल्लं की पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं, आणि दोन तासांनी तोच खेळ पुन्हा. मधुमेहाची औषधं घेत नसाल तर मूठभर दाणे, दही किंवा अख्खं फळ आणि सोबत थोडं प्रथिन घ्या. बरं वाटायला जरा वेळ लागतो, ती दहा मिनिटं काढावी लागतात. जिभेची भूक असेल तर पाणी पिऊन पंधरा मिनिटं दुसऱ्या कामाला लागा. तरीही हवंच असेल तर जेवणाच्या शेवटी खा, रिकाम्या पोटी नको.

औषधं चालू असतील तर

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या घेणाऱ्यांसाठी घसरणीची भूक ही खरोखर धोक्याची सूचना असू शकते. तिथे आधी मोजायचं. ७०च्या खाली असेल, किंवा लक्षणं आहेत आणि मोजायची सोय नाही, तर लगेच १५ ग्रॅम साखर घ्या: तीन छोटे चमचे पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. ॲकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेत असाल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, जवळ ग्लुकोजच ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तातडीची मदत बोलवा. बीटा ब्लॉकर गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम मात्र फुटतो. म्हणून घामाकडे लक्ष ठेवा.

या मंडळींनी वरचे बदल डॉक्टरांना सांगूनच करावेत. भात निम्मा केला, चालणं वाढवलं आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर फार खाली जाते. एकट्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही.

तपासणी कधी

सतत भूक, भरपूर खाऊनही वजन उतरणं, खूप तहान, वारंवार लघवी, ही चौकडी एकत्र दिसली तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. इन्सुलिन अपुरं पडलं की रक्तात साखर तुंबलेली असते आणि पेशी मात्र उपाशी, म्हणून शरीर भूक लावत राहतं. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाची पूर्वावस्था, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, तिच्यासाठी हेच टप्पे ५.७ ते ६.४ टक्के आणि ६.५ टक्के किंवा जास्त असे आहेत. लक्षणं नसतील तर निदान पक्कं करायला तपासणी दुसऱ्यांदा करतात.

औषधं नसतानाही भुकेच्या वेळी आकडा वारंवार ५५च्या खाली येत असेल, भोवळ किंवा गोंधळल्यासारखं होत असेल, पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा स्टेरॉइड सुरू केल्यापासून भूक भडकली असेल, तरीही डॉक्टरांना भेटा. जाताना वहीची दोन-तीन पानं सोबत न्या, वेळा आणि आकड्यांसकट. ‘मला फार भूक लागते’ या वाक्यावर डॉक्टरांना फारसं काही करता येत नाही. ‘जेवणानंतर अडीच तासांनी, आठवड्यातून चारदा, हात थरथरतात, तेव्हा आकडा ५२ असतो’ असं सांगितलंत तर पुढची तपासणी कोणती हे त्यांना तिथेच ठरवता येतं.